हात आत का जातो?

२००९ सालचा फेब्रुवारी. भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे प्रेस यंत्रांनी पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी ट्रेनी सुपरवायझर होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोरेगावहून आलेली, इंद्रायणीनगरात आणखी तिघींबरोबर खोली घेऊन राहणारी. पहिली शिफ्ट सात ते साडेतीन. पावणेतीन वाजले होते. बोर्डावर चार नंबरच्या प्रेससमोर २,६०० चा आकडा होता आणि टार्गेट होतं ३,०००. मी पॅकिंगकडे उभी होते. प्रेसशॉपमध्ये इतका आवाज असतो की माणूस ओरडला तरी दहा फुटांवर कळत नाही. मला कळलं ते आवाज कमी झाल्यामुळे. आधी चार नंबर थांबला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा.

ऑपरेटर उभाच होता. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट आवळून धरलेलं. चेहऱ्यावर वेदना अजून पोचली नव्हती, नुसतं नवल होतं. "मॅडम, मी मोटर बंद केली होती," तो म्हणाला. गाडीत बसवेपर्यंत तो हेच तीनदा बोलला.

तर्जनीची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं एक.

कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकणार नसेल तर तो अपघात कारखाना निरीक्षकांना कळवावा लागतो. तो फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. मजकूर मॅनेजरने सांगितला. 'अपघाताचे कारण' या रकान्यात मी लिहिलं: "कामगाराचे दुर्लक्ष. डायमध्ये हात घालताना योग्य ती काळजी घेतली नाही." (डाय म्हणजे प्रेसमधला साचा.) त्याखालच्या रकान्यात लिहिलं: "सर्व कामगारांना लक्षपूर्वक काम करण्याची समज दिली." दहा मिनिटांत काम झालं. चार नंबरवर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुसरा माणूस उभा होता.

मोटर बंद केली होती, हे त्याचं म्हणणं कुणीच तपासलं नाही. मीही नाही. प्रेसच्या मागच्या भिंतीवर पिवळा कागद चिकटवलेला होता: 'डायमध्ये हात घालण्यापूर्वी मोटर बंद करा.' त्याने तेच केलं होतं. नियम पाळला आणि बोटं गेली, आणि मी लिहिलं की दुर्लक्ष.

हे कसं झालं ते मला सात-आठ महिन्यांनी समजलं. मेंटेनन्सचा फिटर त्याच प्रेसचा पट्टा बदलत होता आणि मी बाजूला उभी होते. जुन्या पद्धतीच्या पिन क्लच प्रेसमध्ये मोटर पट्ट्यावर फ्लायव्हील फिरवते. ते शेकडो किलोंचं लोखंडी चाक आहे, आणि पत्रा दाबायची ताकद त्या चाकात साठलेली असते. पायाने पेडल दाबलं की खटका मागे सरतो, पिन चाकात अडकते, क्रँक एक पूर्ण फेरा घेतो आणि रॅम, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा भाग, खाली येऊन वर जातो. हा एक स्ट्रोक. मोटर बंद केली तरी चाक फिरतच राहतं. फिरत असताना पेडलला नुसता पाय लागला तरी स्ट्रोक येतो. आणि या क्लचला मधेच थांबवायची सोय नाही. पिन एकदा अडकली की फेरा पुरा होणारच, मग मधे काहीही असो.

फिटरने मोटर बंद केली तेव्हा मी घड्याळ लावलं. चाक पूर्ण थांबायला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागली.

त्या दिवशी जॉब, म्हणजे दाबलेला नग, पंचला, म्हणजे रॅमला बसवलेल्या वरच्या साच्याला, चिकटला होता. ऑपरेटरने मोटर बंद केली, वाकून हात आत घातला, वाकताना तोल सावरायला पाय पुढे घेतला, आणि पेडलवर झाकण नव्हतं. बाकीचं काम चाकाने केलं. साडेतीनच्या आत अजून ४०० नग काढायचे असताना तीन मिनिटं चाळीस सेकंद हात बांधून उभं राहा, असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आम्हालाच ठाऊक नव्हतं.

त्या फॉर्मवर माझी सही नव्हती, मॅनेजरची होती. पण अक्षर माझं होतं. ती नोकरी मी पुढच्या वर्षी सोडली, औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा केला, काही वर्षं एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा विभागात काढली आणि आता भोसरी, चाकण, तळवडे इथल्या लहान प्रेसशॉपचं जोखीम मूल्यांकन करून देते. लहानच का, तर १९४८ च्या कारखाने कायद्याने सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला तो १,००० किंवा जास्त कामगार असतील तिथे. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेत हा आकडा सर्वसाधारण कारखान्यांसाठी ५०० वर आणलाय. चाळीस माणसांच्या पत्र्याच्या शेडला तो तेव्हाही लागू नव्हता आणि आत्ताही नाही. बोटं मात्र तिथेच जास्त जाताना मी पाहिलीत.

अशा ठिकाणी गेले की मालक आधी फाइल दाखवतात. मोठ्या कंपनीचं ऑडिट होणार असतं, त्यासाठी कुणीतरी करून दिलेला जोखमीचा तक्ता असतो. काम, धोका, तीव्रता १ ते ५, शक्यता १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, मग उपाय. तक्ता बहुतेक दुसरीकडून उचललेला असतो. हे मी आरोप म्हणून नाही, खुणेवरून सांगते. एका फाइलमध्ये ड्रिल मशीनच्या पुढे उपाय होता 'हातमोजे वापरणे'. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा घातला तर त्याचा धागा बिटाला गुंडाळतो आणि मोज्यासकट हात ओढला जातो. ड्रिलवर मोजा घालायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. तक्ता लिहिणाऱ्याने ते मशीन पाहिलेलं नव्हतं.

पॉवर प्रेसच्या ओळीत तर ठरलेलंच: 'हात अडकणे. तीव्रता ४. शक्यता २. उपाय: प्रशिक्षण, सूचनाफलक.' आणि उपायानंतर तीव्रता ४ ची २ झालेली असते. प्रशिक्षणाने तीव्रता कशी कमी होईल? पन्नास टन दाबाचा रॅम शिकलेल्या बोटावर हळू पडत नाही. आणि शक्यता २ कशी काढली, असं विचारलं की उत्तर येतं, गेल्या तीन वर्षांत अपघात नाही.

मग मी मालकांना कागदावर हिशेब मांडून दाखवते. हाताने जॉब ठेवायचा आणि हाताने काढायचा, तर एका नगाला हात दोनदा आत जातो. ३,००० नग म्हणजे ६,००० वेळा. रोज. माणूस अतिशय नेमका आहे, हजारात एकदाच त्याची पायाची आणि हाताची वेळ चुकते असं धरलं, तरी दिवसाला सहा वेळा चुकणार. त्या सहा वेळा रॅम वर असतो म्हणून तो संध्याकाळी दहाही बोटांनी घरी जातो. शक्यता २ नाही. डोळ्यात तेल घालून काम करा, हे भाषणात बोलायला ठीक आहे. आठ तास, ६,००० वेळा, कोणाच्याच डोळ्यात तेवढं तेल नसतं.

म्हणून फाइल बंद करून मी स्टूल मागते.

गेल्या वर्षी तळवड्याला असंच एका पन्नास टनी प्रेससमोर बसले होते. दुचाकीच्या केबलचा लहानसा एल आकाराचा ब्रॅकेट, दुसरं ऑपरेशन, फॉर्मिंग. ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी वही उघडली तसे ते थांबले. "मॅडम, टाइम लावताय का?" त्यांना वाटलं मी टार्गेट वाढवायला आलेय. हे नेहमी होतं आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याच्या हातात वही आणि घड्याळ असतं, त्याने आजवर काम वाढवलंच आहे. मी वही त्यांच्याकडे दिली. म्हटलं, "मामा, मला नग मोजायचे नाहीत. तुमचा हात ठेवायला आणि काढायला जातो, ते सोडून आणखी किती वेळा आत जातो, तेवढंच बघायचंय. रेघा तुमच्यासमोर मारते."

पहिल्या तासात जादाच्या ३८ रेघा झाल्या.

मामांनाच धक्का बसला. त्यांना वाटत होतं, चार-पाच वेळा जात असेल. हाताला सवय झाली की मन त्याची नोंद ठेवत नाही. आई पोळ्या लाटताना किती वेळा पिठाला हात लावते हे तिला विचारून सांगता येणार नाही, तसंच. म्हणूनच ऑफिसात बसवून ऑपरेटरला विचारून भरलेला तक्ता अपुरा राहतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला आठवतं तेवढं सांगतो.

मग आम्ही एकेका रेघेचं कारण शोधलं. काही रेघा ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, नीट बसत नव्हता म्हणून बोटाने सारायच्या होत्या. त्याला जागेवर धरणारी लोकेटर पिन झिजली होती, नखाने चाचपलं की कळत होतं. काही रेघा चिंध्याने डाय पुसायच्या. पण निम्म्याहून जास्त रेघा जॉब पंचला चिकटण्याच्या होत्या. स्ट्रोक झाला की ब्रॅकेट खाली राहायला हवा, तो पंचबरोबर वर जायचा आणि मामा बोटाच्या टिचकीने तो उडवायचे. टिचकी इतकी सफाईची की बघत राहावं. त्या सफाईची मला भीती वाटली.

"मामा, कधी जास्त चिकटतो?"

"ऑइल कमी पडलं की."

"मग लावत का नाही?"

"दीडला संपतं. स्टोअरची चावी एकाकडेच. तो जेवायला गेला की अडीचशिवाय येत नाही, आणि आला तरी चिठ्ठी लागते." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पोरी, त्या दुसऱ्या पार्टीची कॉइल आली की पत्रा जाड असतो. तेव्हा तर दर चौथा नग चिकटतो. सेटरला सांगितलं, तो म्हणतो डाय तीच आहे."

मॅडमची पोरी झाले तेव्हा मला खरी माहिती मिळाली. बोट जाण्याची जोखीम प्रेसवर दिसत होती, पण तिचं एक मूळ स्टोअरच्या चावीत होतं आणि दुसरं खरेदी विभागात. दीड ते अडीच हा तास त्या मशीनवरचा सगळ्यात धोक्याचा. कुठल्याही तक्त्यात 'स्टोअरकीपरची जेवणाची सुट्टी' हा धोका म्हणून लिहिलेला मी पाहिला नव्हता. आता मी लिहिते.

दुरुस्ती काय केली ते सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं यात लाखो रुपये लागतात. ऑइलची बरणी शिफ्टच्या सुरुवातीलाच प्रेसजवळ भरून ठेवायची, खर्च शून्य. लोकेटर पिन नवीन. पंचमध्ये स्प्रिंगची इजेक्टर पिन बसवली, म्हणजे जॉब आपोआप सुटतो. टूलरूमचा एक दिवस गेला. पेडलवर तिन्ही बाजूंनी आणि वरून झाकण. आणि मुख्य म्हणजे सरकता ट्रे. नायलॉनच्या पट्टीत ब्रॅकेटचा खाचा कापला, पट्टी ड्रॉवरसारखी आत-बाहेर सरकते. ब्लँक बाहेरच्या बाहेर खाचेत ठेवायचा, पट्टी आत ढकलायची, मग पेडल. समोर आणि दोन्ही बाजूंना जाळीचा पक्का गार्ड, पट्टीपुरतीच फट ठेवलेली. आता हात आत घालायचा म्हटलं तरी जात नाही. पहिला आठवडा मामा वैतागले. "हाताची लय मोडली," म्हणाले. नग ३,००० वरून २,४०० वर आले आणि मालकांचा मला रोज फोन. मी एवढंच मागितलं की पंधरा दिवस आकडा बोर्डावर लिहू नका. तिसऱ्या आठवड्यात मामा २,९०० वर होते. टिचक्यांचा वेळ वाचला होता.

जोखीम कमी करायच्या उपायांची एक उतरंड असते, आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ती तशीच दिली आहे. आधी धोका काढूनच टाकता येतो का बघा, नाही तर कमी धोक्याचं काहीतरी वापरा, नाही तर यंत्रात किंवा रचनेत बंदोबस्त करा, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि शेवटी हातमोजे-चष्मे. खालचे दोन उपाय माणूस जागा असेल, त्याला आठवत असेल, त्याला घाई नसेल तरच चालतात. आमच्याकडे उतरंड उलटी चढतात. सगळ्यात आधी हातमोजे येतात, कारण त्यांचं बिल दाखवता येतं.

माणसाच्या चुकीबद्दल मला स्वतःला ज्या गोष्टीने शिकवलं ती दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकेची बी-१७ विमानं जमिनीवर नीट उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवर पोट टेकून बसायची. पायलटला पंखांचे फ्लॅप वर घ्यायचे असायचे आणि तो चाकं वर घ्यायचा. अहवालात लिहिलं जायचं, पायलटची चूक. अल्फान्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखेच. ज्या विमानांत ते तसे नव्हते, तिथे ही चूक होतच नव्हती. मग चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ, म्हणजे अंधारातही बोटांना फरक कळावा. पायलट तेच, झोप तेवढीच, शत्रू तोच. चूक थांबली.

हे वाचलं आणि मला आमच्या न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेसचा सिलेक्टर आठवला. स्ट्रोक कसा हवा ते निवडायचा खटका, त्यावर तीन खुणा: इंचिंग (थोडं थोडं), सिंगल (एकच स्ट्रोक), कंटिन्युअस (सलग स्ट्रोक). डाय सेट करणारा माणूस ट्रायलसाठी कंटिन्युअसवर टाकतो, तेवढ्यात कुणी हाक मारतं, तो जातो. ऑपरेटर येतो, त्याच्या हिशेबी मशीन सिंगलवर आहे. पहिला स्ट्रोक बरोबर येतो. दुसरा न मागता येतो. आता यात दुर्लक्ष कोणाचं लिहायचं? सेटरला समज देऊन काही होत नाही, तो उद्याही माणूसच असणार आणि उद्याही त्याला कुणीतरी हाक मारणार. सिलेक्टरला किल्ली लावायची, ती फक्त सेटरकडे, आणि किल्ली सिंगलवर असतानाच बाहेर निघेल अशी. किल्ली खिशात असल्याशिवाय त्याला दुसऱ्या मशीनवर जाताच येणार नाही, कारण तिथेही तीच लागते.

हातून घडणारी चूक आणि विसरणं वेगळं, गैरसमजाने केलेलं काम वेगळं, आणि जाणूनबुजून नियम मोडणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली ही वाटणी नीट मांडली. चार नंबरवरचा तो ऑपरेटर दुसऱ्या जातीचा होता, गैरसमजाचा. मोटर बंद म्हणजे प्रेस बंद, अशी समजूत त्याला आम्हीच पिवळ्या कागदावर छापून दिली होती. त्याला 'लक्ष दे' सांगून काय उपयोग? त्याने लक्ष देऊनच मोटर बंद केली होती.

नियम मोडण्याबद्दलही थोडं बोलते, कारण मालकांचा सगळा राग तिथे असतो. "दोन हातांची बटणं लावून दिली मॅडम, तर एक बटण पाचर मारून दाबून ठेवतात. यांना स्वतःच्या हाताची काळजी नाही." दोन्ही बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक यावा, म्हणजे हात बाहेर राहतात, यासाठी ती असतात. चाकणमध्ये एका ठिकाणी मी ती पाचर पाहिली. लाकडाची, तासून गुळगुळीत केलेली, बऱ्याच दिवसांची. काढून टाकण्याआधी ऑपरेटरला विचारलं, दुसऱ्या हाताने काय करतोस? त्याने करून दाखवलं. पत्र्याची लांब पट्टी होती, पुढे वजन जास्त, डायवर ठेवली की कलंडायची. ती धरायला एक हात हवाच होता. म्हणजे दोन बटणं लावणाऱ्याने तीन हातांचा माणूस गृहीत धरला होता. पट्टीखाली टेकू म्हणून दोन रोलर लावले, पाचरीची गरज संपली. पाचर दिसली की आता मी रागावत नाही, मी विचारते की ही कोणत्या कामासाठी तासलीय. एकदा सुद्धा 'उगाच' हे उत्तर आलेलं नाही.

लाइट कर्टनचंही, म्हणजे प्रेससमोर लावलेल्या किरणांच्या पडद्याचंही, सांगून टाकते, कारण त्यावर भाबडा विश्वास आहे. किरण तुटला की प्रेस थांबतो, पण थांबायला वेळ लागतो आणि तोवर हात पुढे सरकतो. अंतर काढताना हाताचा वेग सेकंदाला १,६०० मिलिमीटर धरतात, आणि जवळ बसवायचा असेल तर २,०००. प्रेस थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर १,६०० ने सुद्धा ४८० मिलिमीटर होतात. मी असे कर्टन पाहिलेत जे डायपासून वीतभर अंतरावर लावले होते. आणि पिन क्लचच्या प्रेसवर तर कर्टनचा काही उपयोगच नाही, कारण तो क्लच मधे थांबतच नाही. तिथे जाळीचा पक्का गार्ड लावा किंवा क्लच बदला.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. सगळीकडे शपथ घेतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते, बक्षिसं वाटतात. मला बोलावतात आणि मी जाते. पण मी भाषणाऐवजी खंडेनवमीचा दिवस मागून घेते. त्या दिवशी सगळी मशीनं थांबलेली असतात, पुसलेली असतात, झेंडूची माळ पडायच्या आधी तासभर मला प्रत्येक प्रेसचा खटका, स्प्रिंग, गार्डचे बोल्ट बघता येतात. खटक्याची स्प्रिंग मऊ पडली की पिन वेळेवर सुटत नाही आणि प्रेस डबल मारतो, म्हणजे न मागता दुसरा स्ट्रोक येतो. ही स्प्रिंग चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. गेल्या खंडेनवमीला अकरा प्रेसपैकी तीनांच्या बदलल्या, आणि पूजा त्यानंतर झाली.

नुकसानभरपाईच्या कायद्याची अनुसूची मी एकदा प्रशिक्षणात वाचून दाखवली होती. १९२३ चा कायदा. कमाईची क्षमता किती टक्के गेली याचा तक्ता होता त्यात. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७. अंगठा ३०. वर्गात शांतता पसरली. मागे बसलेल्या एका मुलाने स्वतःच्या हाताची पेरं मोजायला सुरुवात केली. त्यानंतर मी ती अनुसूची वर्गात वाचत नाही, मालकांसमोर वाचते.

चार नंबरचा तो ऑपरेटर मला दोन वर्षांपूर्वी मोशीला भेटला. आता एका गोडाऊनमध्ये वजनकाट्यावर असतो. त्यानेच ओळखलं. चहा घेतला. कप डाव्या हाताने धरायची त्याला सवय झालीय. मी त्याला त्या फॉर्मबद्दल सांगितलं. मी काय लिहिलं होतं, कोणत्या शब्दांत, सगळं. तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "ताई, मलापण तसंच वाटत होतं. माझंच काहीतरी चुकलं. घरी पण तेच सांगितलं." मग मी फ्लायव्हीलचं सांगितलं. मोटर बंद केल्यावर चाक फिरत राहतं, पेडल चालू असतं.

तो बराच वेळ टेबलाकडे बघत होता.

"किती वेळ फिरतं?"

"तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी मोजलंय."

"म्हणजे मी मोटर बंद केली होती," तो म्हणाला.

"हो. तुम्ही केली होती."